संवाद न लिहिणारा आद्य नाटककार
विष्णुदास भावे यांनी नटाच्या हाती संहिता दिली नाही. दिला तो भूमिकेचा स्वभाव

मराठी रंगभूमी दिन म्हणून ५ नोव्हेंबर हा दिवस महाराष्ट्रात साजरा होतो. १८४३ साली याच दिवशी सांगली संस्थानात ‘सीतास्वयंवर’ या नाटकाचा प्रयोग झाला आणि त्याचे कर्ते विष्णु अमृत भावे, म्हणजेच विष्णुदास भावे, हे आद्य मराठी नाटककार म्हणून इतिहासात नोंदले गेले. या नोंदीत एक विसंगती दडलेली आहे. नाटककार म्हणजे पात्रांची भाषणे लिहिणारा, अशी आपली समजूत असते. भावे यांनी पात्रांची भाषणे लिहिलीच नाहीत. त्यांनी लिहिली ती पदे आणि तीही गात असे सूत्रधार. रंगमंचावर उभ्या राहिलेल्या रामाने, रावणाने किंवा जनकाने काय बोलायचे हे कागदावर नव्हते. नटाजवळ शिदोरी होती ती भूमिकेच्या ओळखीची. ती व्यक्ती कोणत्या कुळातली, तिचा स्वभाव कसा, तिच्या अंगी कोणते सामर्थ्य आणि तिचे वर्म कोणते, एवढे ध्यानात ठेवून त्याने प्रेक्षकांसमोर आपले भाषण आपणच घडवायचे, अशी ही रीत होती.

टेबलाभोवती बसून फासे टाकत खेळल्या जाणाऱ्या भूमिका-खेळांची आवड अलीकडे आपल्याकडील शहरी तरुणांतही दिसते. या खेळात प्रत्येक खेळाडू आधी एक पात्र रचतो, त्याला पूर्वायुष्य देतो, अंगी काही कौशल्ये आणि काही उणिवा देतो आणि मग त्या पात्राच्या तोंडून स्वतःच बोलू लागतो. या खेळाचा उगम अमेरिकेतला आणि अवघ्या अर्धशतकापूर्वीचा. मात्र शब्द हाती दिलेले नसताना माणसाने दुसऱ्याच्या भूमिकेत शिरायचे कसे, हा त्यामागील प्रश्न सांगलीच्या एका तरुणाने त्याआधी सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी हाताळला होता. त्याने काढलेले उत्तर आणि त्यासाठी त्याला मोजावी लागलेली किंमत, ही भावे यांच्या चरित्राची खरी कथा आहे.

कलावंताचा हात

भावे यांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या अखेरीचा. वडील अमृतराव सांगलीचे अधिपती चिंतामणराव ऊर्फ अप्पासाहेब पटवर्धन यांच्या पदरी होते. रूढ शिक्षणापेक्षा मुलाचा ओढा कलाकुसरीकडे अधिक होता. कथा रचणे, पदे जुळवणे आणि बाहुल्या घडवणे यांत तो रमे. भावे यांनी घडविलेल्या लाकडी कळसूत्री बाहुल्यांपैकी काही काळाच्या ओघातही टिकून राहिल्या आणि विसाव्या शतकात शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी त्या दुरुस्त करून पुन्हा रंगमंचावर आणल्या.

बाहुल्यांचा हा छंद पुढील कार्याची पूर्वतयारी ठरला, असे म्हणता येईल. रावणाची बाहुली आणि रामाची बाहुली यांच्या ठेवणीतच फरक करावा लागतो. डोळ्यांचा आकार, भुवयांची वळणे, मुकुटाची उंची यांवरून प्रेक्षकाने पात्र ओळखायचे असते. बाहुली तोंड उघडण्यापूर्वीच तिचा स्वभाव दिसला पाहिजे, हे भान या कलेत मिळते. मात्र बाहुलीला स्वतःची बुद्धी नसते. भावे यांच्यापुढे लवकरच जे काम आले, त्यात दोऱ्या नसलेली, स्वतःच्या बुद्धीने बोलणारी माणसे हलवायची होती.

अप्पासाहेबांची आज्ञा

१८४२ साली उत्तर कानड्यातील भागवत मंडळी सांगलीस आली. यक्षगानाच्या परंपरेतील हे खेळ अप्पासाहेबांनी पाहिले. त्यांतील पौराणिक आख्यानांची कल्पना त्यांना आवडली. सादरीकरणातील ओबडधोबडपणा मात्र खटकला. असाच खेळ मराठीत, अधिक नेटका आणि अधिक रसपूर्ण करावा, अशी इच्छा त्यांच्या मनात उत्पन्न झाली आणि हे काम त्यांनी विशीतल्या विष्णुदासांवर सोपविले.

काम सोपे नव्हते. मराठी मुलखात कीर्तन होते, ललित होते, गोंधळ, बहुरूपी, दशावतार आणि तमाशाही होता. पण मागे ठेवून पुढे जावे असा नाटकाचा नमुना समोर नव्हता. तंजावरच्या मराठी राजांनी सतराव्या शतकापासून मराठीत नाटके रचली होती, परंतु त्यांची ओळख महाराष्ट्राला फार उशिरा झाली. त्यामुळे पदे रचणे, त्यांना चाली देणे, वेषभूषा, दागिने व मुकुट तयार करणे, रंगभूषा ठरविणे आणि माणसे गोळा करून त्यांना शिकविणे हे सारेच भावे यांना मुळापासून उभे करावे लागले. तोंडाला रंग लावून लोकांपुढे नाचणे प्रतिष्ठित घराण्यांना शोभत नाही, असे मानणारा तो काळ होता. संस्थानिकाचा भक्कम पाठिंबा नसता, तर पांढरपेशा घरांतील मुले या उद्योगात उतरणे कठीणच होते.

पात्र घडविण्याची रीत

वर्षभराच्या खटपटीनंतर ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आले. या नाटकांच्या प्रयोगाचा साचा पुढे सर्वत्र परिचित झाला. आरंभी सूत्रधार आणि त्याचे साथीदार टाळ-मृदंगाच्या साथीत मंगलाचरण करीत. मग वनचराच्या वेषातील विदूषक नाचत येई व सूत्रधाराशी त्याची थट्टामस्करी चाले. त्यानंतर गणपतीचे आगमन होई, विघ्नहरणाचे आश्वासन मिळे. मयूरावर आरूढ झालेली सरस्वती नाचत येऊन आशीर्वाद देई आणि मग मुख्य आख्यानाला प्रारंभ होई. सूत्रधार अखेरपर्यंत रंगमंचावरच असे. प्रसंगाचे वर्णन, पात्राच्या आगमनाची वर्दी, त्याच्या मनःस्थितीचे निवेदन हे सारे तो पदांतून करी. पद संपले की त्याचा आशय धरून संबंधित नट आपले गद्य भाषण उत्स्फूर्तपणे करीत असे.

या रचनेत अधिकारांची वाटणी स्पष्ट होती. काय घडणार हे सूत्रधाराच्या हाती; ते कसे बोलून दाखवायचे हे नटाच्या हाती. धनुष्य रामच उचलणार, हे सर्वांना ठाऊक होते. पण धनुष्य न पेललेल्या रावणाने आपली फजिती कोणत्या शब्दांत झाकायची, हे त्या रात्रीच्या नटावर अवलंबून राही. त्यासाठी नटाला रावण कोण हे नीट माहीत असणे भाग होते. तो पुलस्त्यांचा नातू, वेदविद्येचा जाणकार, शिवाचा भक्त आणि लंकेचा अधिपती. बळ आणि विद्या या त्याच्या जमेच्या बाजू. अहंकार हे त्याचे वर्म. एवढे पक्के झाले की कोणत्याही प्रसंगी त्याच्या तोंडी शोभेल असे वाक्य सुचण्याची वाट मोकळी होते. याउलट पाठ केलेले भाषण विसरले, तर नट निरुत्तर होतो.

भूमिका-खेळ रचणाऱ्यांनी पुढे स्वतंत्रपणे हाच धडा गिरविला. अमेरिकेतील मिनियापोलिस-सेंट पॉल परिसरात युद्धपटाचे खेळ खेळणाऱ्या मंडळींपैकी डेव्हिड वेस्ली यांनी १९६९ मध्ये ‘ब्राउनस्टाइन’ नावाचा खेळ मांडला. त्यात खेळाडूंना सैन्यांऐवजी एकेका व्यक्तीची भूमिका आणि तिचा स्वतंत्र हेतू देण्यात आला. याच मंडळींतील डेव्ह आर्नेसन यांनी ती कल्पना पुढे नेली आणि गॅरी गायगॅक्स यांच्या साथीने १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक पात्राला शक्ती, बुद्धी, शहाणपण, काटकपणा, चपळाई आणि व्यक्तिमत्त्वाची छाप असे सहा गुण असतात. मूळ नियमांनुसार प्रत्येक गुणासाठी तीन फासे टाकायचे. त्यामुळे तो ३ ते १८ यांच्या दरम्यान येतो. येथेही एक जण निवेदक असतो. तो जग उभे करतो, संकटे आणतो. पण खेळाडूच्या पात्राचे बोल तो बोलत नाही. भावे यांच्या सूत्रधाराशी त्याचे नाते ओळखायला वेळ लागत नाही.

फरकही आहे आणि तो महत्त्वाचा आहे. या खेळात शेवट ठरलेला नसतो. फासा उलटा पडला तर नायक मरतो. पौराणिक नाटकात शेवट आधीच ठाऊक असतो. म्हणून भावे यांच्या नटाचे कसब वेगळ्या ठिकाणी लागे. ठरलेल्या शेवटाकडे जाताना आपले पात्र क्षणभरही खोटे वाटू न देणे, हे त्याचे काम होते.

गुण, कसब आणि पार्ट्या

स्वभावाइतकेच महत्त्व अंगच्या कौशल्याला होते. या काळातील नाटक मंडळ्यांत देवपार्टी, राक्षसपार्टी आणि स्त्रीपार्टी अशी नटांची विभागणी रूढ झाली. राक्षसपार्टीतील नटाला भारदस्त शरीर, खणखणीत आवाज आणि तलवारीचे हात लागत. त्याच्या आरोळ्यांवरून या नाटकांना पुढे अललडुर्र नाटके असे नाव पडले. देवपार्टीतील नटाच्या अंगी संयत हालचाल व शुद्ध वाणी हवी. स्त्रीपार्टीतील भूमिका पुरुषच करीत. त्यांना कोवळा आवाज, लुगडे सांभाळत वावरण्याची सवय आणि अभिनयातील मार्दव आवश्यक असे. विदूषकाला हजरजबाबीपणावाचून गत्यंतर नव्हते. रंगमंचावरील युद्धे हा प्रेक्षकांचा खास आवडीचा भाग असल्याने तलवारबाजीचा सराव कसून करावा लागे.

म्हणजे भूमिका वाटताना दोन हिशेब मांडावे लागत. एक पात्राचा आणि दुसरा ते करणाऱ्या माणसाचा. ज्याच्या अंगी जे कसब नाही, ते त्याच्या पात्रालाही दाखवता येत नाही. या बाबतीत टेबलावरचा खेळाडू सुदैवी आहे. त्याने कागदावर पात्राची शक्ती अठरा लिहिली की काम भागते. सांगलीच्या नटाला ती शक्ती स्वतःच्या दंडात आणावी लागत होती.

राजाश्रय सरला

‘सीतास्वयंवरा’नंतर भावे यांनी रामायणातील कथांवर आणि पुढे इतर पौराणिक आख्यानांवर एकामागून एक नाटके रचली. अप्पासाहेबांच्या आश्रयाखाली हा उद्योग सुखाने चालला होता. १८५१ साली अप्पासाहेबांचे निधन झाले आणि हा आधार सुटला. ज्यांनी आज्ञा केली आणि ज्यांच्या शब्दावर नट मंडळी जमली, तेच राहिले नाहीत. नटसंच, वेषभूषा, वाद्ये आणि वर्षानुवर्षांची तालीम यांचा सगळा भार भावे यांच्यावर आला. एक तर मंडळी मोडायची किंवा लोकाश्रयावर जगायचे, एवढेच पर्याय उरले. भावे यांनी दुसरा मार्ग स्वीकारला आणि आपली नाटक मंडळी घेऊन ते गावोगाव फिरू लागले.

१८५३ मध्ये ही मंडळी मुंबईत दाखल झाली. जगन्नाथ शंकरशेट यांच्या प्रयत्नांशी निगडित असलेल्या ग्रँट रोडवरील नाट्यगृहात, जेथे प्रामुख्याने इंग्रजी नाटके होत, तेथे भावे यांचे प्रयोग तिकीट लावून झाले. दरबारी प्रसादाऐवजी प्रेक्षकाने पैसे मोजून मराठी नाटक पाहण्याची सुरुवात येथून मानली जाते. त्याच वर्षी पुढे मुंबईत पारशी रंगभूमीलाही प्रारंभ झाला. मराठी न समजणाऱ्या प्रेक्षकांसाठी भावे यांनी गोपीचंदाच्या कथेवर हिंदी नाटकही केले. भाषा बदलूनही खेळ उभा राहिला, याचे एक कारण त्यांच्या रीतीतच होते. नटाचे भाषण शब्दाला बांधलेले नव्हते. भूमिका उमगली, तर ती दुसऱ्या भाषेतही बोलता येते.

रीतीचे यश, रीतीचा तोटा

याच रीतीत भावे यांचा तोटाही होता. छापील संहितेवर लेखकाचे नाव राहते. नटाच्या अंगी मुरलेल्या भूमिकेवर कोणाचेच नाव नसते. ज्याने रावण उभा करण्याची हातोटी आत्मसात केली, तो ती बरोबर घेऊन कोठेही जाऊ शकत होता. आख्याने सर्वांच्या परिचयाची, पदे ऐकून पाठ होणारी आणि भाषणे नटाची स्वतःची. अनुकरणाला अटकाव करील असे काहीच नव्हते. इचलकरंजीकर, आळतेकर अशा मंडळ्या भावे यांच्या धर्तीवर पौराणिक नाटके करू लागल्या. मराठी रंगभूमी त्यामुळे झपाट्याने पसरली. भावे यांच्या मंडळीचे वेगळेपण मात्र विरत गेले.

दरम्यान लिखित नाटकाचे युग उजाडत होते. महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ हे सामाजिक नाटक लिहिले. त्याचा प्रयोग त्या काळी झाला नाही. १८६१ मध्ये विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ हे ऐतिहासिक नाटक आले. त्यात पात्रांची भाषणे लेखकाची होती. नवशिक्षित वर्गाला इंग्रजी व संस्कृत नाटकांची गोडी लागली आणि आरडाओरड, उड्या व युद्धे यांनी भरलेली पौराणिक नाटके त्याला गावंढळ वाटू लागली. ज्या उत्स्फूर्ततेने प्रेक्षक खिळून राहत होते, तीच आता दोष ठरली. सुमार नटाच्या तोंडी ती कंटाळवाणी पाल्हाळ होत असे, हेही खरे होते. भूमिकेची जाण न देता केवळ मोकळीक दिली की काय होते, याचे ते उदाहरण होते.

याच सुमारास भावे नाट्यव्यवसायातून बाजूला झाले. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले आणि पदे नटांच्याच मुखी गेली. स्वतः गाणारा, लिखित संवाद म्हणणारा नट आल्यावर अखंड उभ्या राहणाऱ्या सूत्रधाराचे प्रयोजन संपले. १८८५ मध्ये भावे यांनी आपली आख्याने ‘नाट्यकविता संग्रह’ या नावाने प्रसिद्ध केली. त्यात पदे आहेत. पदांच्या मधल्या जागेत जे बोलले गेले आणि ज्यावर प्रेक्षक रात्र रात्र जागले, ते त्या ग्रंथात नाही. ते असणे शक्यही नव्हते. ९ ऑगस्ट १९०१ रोजी भावे यांचे निधन झाले. तोवर ज्या रंगभूमीला त्यांनी चालायला शिकविले होते, ती संगीत नाटकाच्या वैभवाकडे निघून गेली होती.

जिवतीच्या डोंगरापासून झाडीपट्टीपर्यंत

राजधानीच्या शहरांतून मागे पडलेली ही रीत महाराष्ट्रातून नाहीशी झाली नाही. भावे यांच्याशी थेट संबंध नसलेल्या, त्यांच्याहून जुन्या लोकपरंपरांत ती वेगवेगळ्या रूपांत आढळते. कोकणातील दशावतारात आजही नट कथानक समजून घेऊन संवाद स्वतः रचतात. राज्याच्या दुसऱ्या टोकाला, चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुक्यात, माणिकगड पहाडावरील गोंड गावांत दिवाळीच्या सुमारास दंडारीचे दिवस येतात. मोरपिसांचा भव्य टोप घालून, अंगावर राख फासून, हाती दंड घेतलेला गुसाडी गावात येतो, तेव्हा तो कोणाचा मुलगा, कोणाचा भाऊ हे गाव विसरते. भूमिका धारण करण्याचे नियम कडक असतात आणि उत्सव संपेपर्यंत ते पाळावे लागतात. ही परंपरा सीमेपलीकडील तेलंगणातही आहे. तेथील मार्लवाई गावचे गुसाडी कलावंत कनक राजू यांना २०२१ मध्ये पद्मश्रीने गौरविण्यात आले. गुसाडी हे नाटक नव्हे, ती श्रद्धा आहे. हा भेद विसरता येत नाही. परंतु लिखित शब्दावाचून माणूस दुसरेच रूप कसे धारण करतो, याची साक्ष तेथे मिळते.

जिवतीच्या पहाडावरून खाली उतरून पूर्वेकडे गेले की वैनगंगेच्या खोऱ्यात धानाचा मुलूख लागतो. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांतील झाडीपट्टीत धानकापणीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो व वडसा हे त्याचे मोठे केंद्र आहे. येथील दंडार या लोकनाट्यात नटाच्या हजरजबाबीपणाला मोठे मोल असते. झाडीपट्टीची आजची नाटके लिखित असली, तरी रात्रभर प्रेक्षकांशी नाते राखण्याची जी हातोटी तेथील नटांत दिसते, तिचे मूळ दंडारीसारख्या खेळांत शोधले जाते. या रंगभूमीवरील ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

भावे यांचे खरे देणे

भावे यांच्या नावे सांगलीत दरवर्षी रंगभूमी दिनी गौरवपदक दिले जाते, नाट्यगृहांना त्यांचे नाव आहे आणि १९४३ साली सांगलीत मराठी रंगभूमीचा शताब्दी महोत्सवही झाला. हा सन्मान आद्यत्वाचा आहे. तंजावरची नाटके उजेडात आल्यानंतर ते आद्यत्व वादाचा विषय झाले. मात्र भावे यांचे मोठेपण केवळ पहिलेपणावर तोलण्याचे कारण नाही.

ज्यांनी कधी नाटक पाहिले नव्हते अशा माणसांना त्यांनी भूमिका दिल्या आणि त्यांच्या तोंडी एकही वाक्य न कोंबता त्यांना राम, रावण आणि सीता म्हणून हजारो लोकांपुढे बोलते केले. त्यासाठी पात्राचे पूर्वायुष्य, गुण आणि वर्म यांची मांडणी इतकी पक्की असावी लागते, की पुढचे वाक्य त्यातूनच यावे. आज टेबलाभोवती बसलेला एखादा तरुण कोऱ्या कागदावर आपल्या पात्राचे गाव, त्याचे ऋण आणि त्याची भीती लिहू लागतो, तेव्हा त्याच्यापुढेही हेच काम असते. केवळ सामर्थ्याची यादी केली, तर पात्र चार वाक्यांत संपते. उणीव दिली, तर ते बोलत राहते. रावणाचा अहंकार काढून घेतला, तर धनुष्यापाशी त्याला बोलण्यासारखे काहीच उरत नाही. सांगलीच्या रंगमंचावर हे जाणणारा एक माणूस होता. त्याच्या नटांची भाषणे हवेत विरली. ज्या समजुतीतून ती सुचली, ती मात्र अजून उपयोगी पडण्यासारखी आहे.